आपला डबा आपण उघडायचा नाही

आमच्या पहिल्या ऑफिसातलं जेवायचं टेबल उतरतं होतं.

सदाशिव पेठेतल्या एका इमारतीचे वरचे दोन मजले कंपनीने भाड्याने घेतले होते. खाली दाताचा दवाखाना, मध्ये बारावीचे क्लासेस आणि वर आम्ही. अमेरिकेतल्या कुठल्याकुठल्या कंपन्यांच्या जुन्या प्रोग्रामांमध्ये साल दोन आकड्यांत लिहिलेलं असायचं, ते चार आकड्यांत करायचं, हे आमचं काम. दोन हजार साल जवळ येत होतं आणि जग बंद पडू नये याची जबाबदारी आपल्यावर आहे असं आम्हाला मनापासून वाटत होतं. जिन्यात लवंगेच्या तेलाचा वास, मधल्या मजल्यावर पोरांचा एका सुरातला रसायनशास्त्राचा गजर आणि वर कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपलांचा ढीग. मशिनला धूळ चालत नाही म्हणून आम्ही सगळे दिवसभर अनवाणी असायचो. एसी होता, पण तो मशिनसाठी. माणसांना पंखा.

आमच्या आधी तिथे एक आर्किटेक्ट होते. जाताना त्यांनी ड्रॉइंगचं एक भलंमोठं टेबल मागे सोडलं, कारण ते जिन्यातून उतरेना. त्याचा उजवा पाय तुटलेला होता. खाली वीट घातली तरी ते उजवीकडे कलायचंच. खिडकीला टेकवलेलं असल्यामुळे आम्ही जेवायला एकाच बाजूला, पंगतीसारखे ओळीने बसायचो. स्टीलचा डबा ठेवला की तो हळूच उजवीकडे घरंगळायचा आणि शेजारचा तो हाताने अडवायचा. अडवलाच आहे तर उघडायचाही, आणि उघडलाच आहे तर पहिला घासही त्याचाच. यातून कधी रीत पडली ते कळलं नाही. आपला डबा आपण उघडायचा नाही. शेवटच्याचा डबा उचलून ओळीतल्या पहिल्याकडे द्यायचा. नवा माणूस आला की त्याला पगाराच्या आधी ही रीत सांगितली जायची. ती सांगायचं काम माझं, कारण मी पर्सोनेल ऑफिसर. एच. आर. हा शब्द तेव्हा अजून आमच्या जिन्यातून वर आला नव्हता.

माझ्या डाव्या हाताला ती बसायची.

ती यवतमाळकडची. इंजिनिअर होऊन पुण्यात आली आणि नारायण पेठेत एका बाईंकडे कॉट बेसिसवर राहिली. लग्नानंतर धायरीला छोटा फ्लॅट घेतला. ओळीत सगळे एकमेकांना अरेतुरे करायचे, पण मला ती पहिल्या दिवसापासून ‘भाऊ’ म्हणाली. आमच्याकडे हाक मारायला ‘अहो’ पुरतं, त्यामुळे ते ‘भाऊ’ कानाला फार बरं वाटायचं. तिचं ‘काय करून राहिले तुम्ही?’ ऐकून सुरुवातीला पोरं हसायची. ती म्हणायची, “हसा. तुम्ही अर्धं वाक्य नाकातच ठेवता, त्याला कोणी हसतं का?”

तिचा डबा मी उघडायचो. पातोडीचा रस्सा, ज्वारीची भाकरी, ठेचा. माझा डबा उजवीकडे जायचा, पण त्यातला घास ती हात लांब करून घ्यायचीच. आमच्या घरच्या भाजीत गूळ पडल्याशिवाय ती चुलीवरून उतरत नाही. एकदा घास तोंडात ठेवून तिने गंभीरपणे विचारलं, “भाऊ, ही दुधीची भाजी आहे का दुधी हलवा?” सगळी ओळ हसली. मी घरी जाऊन ते बायकोला सांगितलं आणि पुढचे दोन दिवस मला डबाच मिळाला नाही.

त्या दिवसांची आठवण आली की मी आधी इथेच थांबतो. पुढे जायचं टाळतो. आज टाळणार नाही.

ती बाळंतपणाची रजा संपवून परत आली तेव्हा तिच्या टीमला लीडची जागा निघाली होती. रजेवर जाण्याआधीपासून ते काम जवळजवळ तीच बघत होती. जागा तिलाच मिळणार असं सगळी ओळ धरून चालली होती, आणि तीही. तिने मला सांगूनसुद्धा टाकलं होतं, “भाऊ, लीड झाले की पहिल्या पगाराची पुरणपोळी. गुळाची. तुमच्या भाजीसारखी.”

अडचण एवढीच होती की लीडला अमेरिकेशी फोनवर बोलायला रात्री थांबावं लागायचं. बायकांना रात्री कामावर ठेवायचं तर कामगार खात्याची परवानगी लागायची आणि घरी सोडायला गाडीची सोय करावी लागायची. तो अर्ज करायचं काम माझ्याकडे होतं. साहेबांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, ते मला बरेच महिने आधी सांगितलं होतं. मी केलं नव्हतं. कारण काही नाही. सरकारी ऑफिसात खेटे घालायचा कंटाळा.

जागा कुणाला द्यायची हे ठरवायला साहेब, एक सीनियर इंजिनिअर आणि मी असे तिघं बसलो होतो. साहेब म्हणाले, “तिचंच नाव समोर आहे. काही अडचण?”

अर्ज झालेला नाही, आठवड्याभरात करतो, असं मी म्हणू शकलो असतो. मी म्हणालो, “साहेब, बाळ लहान आहे तिचं. रात्रीचे कॉल. आज हो म्हणेल आणि उद्या अर्ध्यात सोडेल. तिच्याच भल्यासाठी सांगतोय.”

साहेब कमी बोलायचे. “बघा,” म्हणाले. त्यांच्या ‘बघा’चा अर्थ ‘ठरलं’ असा असायचा. जागा तिच्याहून ज्युनिअर असलेल्या एका मुलाला मिळाली.

त्या दुपारी ती जिन्यात भेटली. “भाऊ, काहून असं?”

मी वर बोट केलं. “वरून ठरलं गं. मी काय बोलणार?”

आज पंचावन्नाव्या वर्षीही ते बोट मला दिसतं. वर नुसतं छत होतं.

महिन्याभराने कामगार खात्याचा लिफाफा आला. बाई आहे आणि लहान मूल आहे म्हणून बढती नाकारली, अशी तिने तक्रार केली होती. स्त्री-पुरुषांना समान वागणूक देण्याचा कायदा आहे, हे ऑफिसात कुणाला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक असायला हवं होतं. साहेबांनी लिफाफा असा लांब धरला होता की जणू तो गळत होता. “सरकारात गेली?” एवढंच ते म्हणाले. पैशांबद्दल किंवा कायद्याबद्दल नाही, गेली याबद्दल. घरातलं भांडण शेजाऱ्याकडे नेल्यासारखं सगळ्यांना ते लागलं. मलाही लागलं, हे लिहिताना लाज वाटते. लागायचा हक्क सगळ्यात कमी मला होता.

मी स्कूटर काढून नारायण पेठेतल्या एका वयस्कर वकिलांकडे गेलो. कामगार कायद्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं आणि बोलण्यात साखर नावाला नव्हती. त्यांनी तक्रार दोनदा वाचली.

“केलंय का तुम्ही हे?”

“तसं नाही…”

“तसं नाही म्हणजे केलंय. बसा. चहा सांगत नाही, जेवायची वेळ झालीय.”

मग त्यांनी जे सांगितलं ते मी नंतर आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवलं. तक्रार करणं हा गुन्हा नाही, तेव्हा आधी रागावणं बंद करा, म्हणाले. मुदतीत उत्तर द्या. कुठलाही कागद फाडू नका आणि नवा जन्माला घालू नका. “आणि त्या बाईंचं काहीही हलवायचं नाही. खुर्ची नाही, काम नाही, पगार नाही. त्या काल जशा होत्या तशाच उद्या असल्या पाहिजेत. तक्रारीचा सूड दिसला ना, तर मूळ तक्रार खोटी ठरूनसुद्धा तुम्ही बुडता. आता मला खरं काय ते सांगा. चूक असेल तर दुरुस्त करून टाकू. हे अधिकारी काही वाघ नसतात. चूक कबूल करून आलेला मालक त्यांना वर्षात एखादाच भेटतो, ते खूष होतात.”

“सर, तुमची फी?”

“खोटं बोललात तर दुप्पट.”

मी म्हणालो, बैठकीत फक्त अनुभवाची चर्चा झाली. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि पेनचं टोपण काढलं. “लिहितो. पण ही तुमची वाक्यं आहेत हं, माझी नाहीत.”

परत आल्यावर मी त्यांचा सल्ला अगदी काटेकोर पाळला. तिची खुर्ची हलवली नाही. काम काढलं नाही. पगार वेळेवर. कुणी तिला वाकडं बोललं नाही. उलट जी पोरं कालपर्यंत ती खाली उतरली की खिडकीतून हाका मारून तिला शेंगदाण्याची पुडी आणायला सांगायची, तीच ‘मॅडम, आपल्याकडे ती फाइल आहे का?’ असं विचारू लागली. मला ते सभ्यपणाचं वाटलं. आम्हा पुण्याच्या माणसांना हे वाटतंच. आवाज चढला नाही म्हणजे अन्याय झाला नाही.

फक्त ती जागेवर नसताना मी ओळीला एवढं म्हणालो होतो, “केस चालू आहे. तिच्याशी जपून. आपण गमतीत बोललेलंही उद्या तिकडे लिहून जाईल.”

दुसऱ्या दिवशी ती जेवायला आली, नेहमीच्या जागी बसली, डबा ठेवला. तो घरंगळत माझ्याकडे आला. मी हाताने अडवला. त्याचं झाकण अजून कोमट होतं. माझ्या मनात काय आलं ते सांगतो: मॅनेजमेंटचा माणूस तक्रारदाराच्या डब्यातलं खातो, असं उद्या कुणी म्हटलं तर? मी डबा न उघडता तसाच तिच्याकडे सरकवला. टेबल उतरतं, तो पुन्हा माझ्याकडे आला. मी पुन्हा सरकवला, आणि या वेळी तिने तो धरला. ओळीत सगळे खाली बघून जेवत होते. खालच्या क्लासात कुणीतरी मूलद्रव्यांची नावं म्हणत होतं. तिने थोडा वेळ वाट पाहिली. मग स्वतःचा डबा स्वतः उघडला.

पुढच्या दिवसापासून ती मशिनच्या खोलीबाहेर, चपलांच्या ढिगाशेजारी स्टुलावर बसून जेवू लागली. तिची जागा आम्ही हलवली नव्हती. वकिलांनी विचारलं असतं तर मी छातीठोकपणे तसं सांगितलं असतं.

सुनावणीला कामगार कार्यालयात मी कंपनीतर्फे गेलो. अधिकारी मध्यमवयीन, बिनबाह्यांचा स्वेटर घातलेले, दमलेले. शेजारच्या टेबलावर कुणाच्यातरी बोनसचं भांडण चाललं होतं. त्यांनी तिला विचारलं, “मुलामुळे नाकारलं, हे तुम्ही कशावरून म्हणता?”

ती म्हणाली, “साहेब, त्या बैठकीत भाऊ होते. हे. यांनाच विचारा. हे खोटं नाही बोलणार.”

मी मान वर केली. तिच्या नजरेत राग नव्हता. ती वाट बघत होती, डबा ठेवल्यावर बघायची तशी.

“बैठकीत बाईंच्या मुलाचा विषय निघाला होता?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

“तशी नोंद नाही, साहेब.” नोंद मीच लिहायचो.

“नोंदीचं कोण विचारतंय? निघाला होता का?”

“आठवत नाही.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “तुम्हाला अजून एक संधी देतो. पुढच्या तारखेला आठवून या.”

पुढची तारीख आलीच नाही. तिने राजीनामा दिला आणि तक्रार मागे घेतली. साहेबांनी सुटकेचा श्वास सोडला, माझी पाठ थोपटली आणि त्या वर्षी माझा पगार वाढला. शेवटच्या दिवशी ती स्टुलावर जेवली, डबा विसळला, पिशवीत घातला. जाताना टेबलाशी थांबली. मला वाटलं, आता काहीतरी बोलणार. ती वाकून म्हणाली, “भाऊ, खालची वीट सरकलीय. बघून घ्या.” आणि चपलांच्या ढिगातून आपल्या चपला शोधू लागली.

मी वीट नीट केली. ओळीने डबे मात्र त्यानंतर फार दिवस फिरले नाहीत. कुणी काही ठरवलं नाही. जो तो आपापला उघडू लागला.

कंपनी वाढली. आम्ही खराडीला काचेच्या इमारतीत गेलो. टेबल जिन्यातून उतरेना म्हणून आम्हीही ते मागेच ठेवलं. इथे जेवायला प्रशस्त हॉल आहे, दहा तऱ्हेचं जेवण मिळतं, टेबलं सपाट आहेत आणि त्यावर पोरं फोन उभा करून एकेकटी जेवतात. मी एच. आर.चा प्रमुख झालो. वकिलांचा सल्ला माझ्या नावावर सांगू लागलो. नव्या मॅनेजरांपुढे उभा राहून म्हणायचो, तक्रारदाराला एकटं पाडणं हासुद्धा सूडच असतो. पोरं लिहून घ्यायची. कुणी विचारलं नाही, सर, हे तुम्हाला कसं कळलं.

अगदी अलीकडे पुन्हा एक लिफाफा आला. बाळंतपणाच्या रजेवरून आलेल्या एका मुलीला तिच्या मॅनेजरने खालचा शेरा दिला होता आणि ती थेट कामगार खात्याकडे गेली होती. दुपारी मी हॉलमध्ये गेलो आणि माझा डबा घेऊन तिच्यासमोर बसलो.

ती दचकली. “सर, प्लीज, इथे नका ना बसू. सगळे बघतायत. त्यांना वाटेल सेटलमेंट चाललीय.”

“बघू देत.”

“तुम्हाला काय, तुम्ही रिटायर होणार. मला इथे काम करायचंय.” मग फोन उलटा ठेवत, “सर, तुम्ही आधी अशी केस हँडल केलीय?”

“एक.”

“मग काय झालं?”

“ती गेली.”

“आणि तुम्ही?”

“मी राहिलो.”

तिने चमचा थांबवला. “मग या वेळी कोण जाणार, ते आधी सांगा. म्हणजे मला रेझ्युमे अपडेट करायला बरं.”

मी तिला सगळं सांगितलं. बैठकीतलं वाक्य, न केलेला अर्ज, डबा. आयुष्यात पहिल्यांदा, आणि तेही जिचं नीट नावसुद्धा मला आठवड्यापूर्वी ठाऊक नव्हतं अशा मुलीला. ती ऐकत राहिली. मला वाटलं होतं ती काहीतरी मऊ बोलेल. ती म्हणाली, “हे तुम्ही मला का सांगताय? त्यांना सांगितलंत?”

तिच्या केसमध्ये मी मॅनेजरला समोर बसवून खरं काढलं आणि जे निघालं ते तसंच कामगार कार्यालयाला कळवलं. शेरा दुसऱ्या माणसाकडून तपासून घेतला, तो बदलला. वरचे माझ्यावर नाराज आहेत. ती मुलगी अजून कंपनीत आहे आणि लिफ्टमध्ये भेटली तर मान हलवते, जास्त काही नाही. बरोबरच आहे.

तिच्या प्रश्नाचं उत्तर उरलं होतं. एका जुन्या सहकाऱ्याकडून, माझ्या डाव्या हाताला बसायची तिचा नंबर घेतला आणि एका रविवारी सकाळी फोन लावला. ती आता नागपुरात असते. माझा आवाज तिने लगेच ओळखला.

“भाऊ! काहून फोन केला? सगळं बरं आहे ना घरी?”

मी पाठ केलेलं बोललो. “ते बाळाचं वाक्य साहेबांचं नव्हतं. माझं होतं. मला परवानगीचा अर्ज करायचा कंटाळा आला होता.”

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

“मला माहीत होतं,” ती म्हणाली. “मी त्याच दिवशी साहेबांना विचारलं होतं. ते म्हणाले, पर्सोनेलचं तसं मत पडलं.”

“माहीत होतं? मग तिथे माझं नाव का घेतलंस? खोटं बोलणार नाही म्हणालीस!”

“तुम्ही सांगाल म्हणून.” तिने हे अगदी सहज म्हटलं. “वाटलं, तिथे विचारलं की सांगतील. मग तुमचंही ओझं गेलं असतं, माझंही काम झालं असतं. मला काम आवडत होतं हो ते.”

मी म्हणालो, “मी चुकलो.”

“हो, चुकलात.” मग म्हणाली, “आता मी काय करू ते सांगा. तुम्हाला बरं वाटावं असं काही बोलू का? तेवढं नाही जमणार भाऊ.”

“नको. काही करू नकोस. तू ऐकलंस, एवढंच.”

“ऐकलं,” ती म्हणाली. “ठेवते. कुकर उतरवायचा आहे.”

फोन ठेवून मी जेवायला बसलो. बायकोने ताट वाढलं, वर झाकण होतं. कितीतरी वर्षांपूर्वीच्या सवयीने मी ते तसंच उजवीकडे सरकवलं आणि थांबलो. बायको म्हणाली, “का? हात मोडलेत का?”

मी झाकण काढलं.